कट्ट्यातलं बी श्वास घेते

आम्ही हिवरखेडहून बोलतो आहोत. तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं हिवरखेड. बचत गटाचं काम करतो, म्हणून बोलताना तोंडात ‘मी’ येतच नाही, ‘आम्ही’च येते. चालवून घ्या.

आजचा विषय ऐकून वाटेल, हे तर पोरांच्या पुस्तकातलं. सजीव कशाला म्हणायचं? जिवंत वस्तूची लक्षणं कोणती? सहावीतल्या पोराला विचारलं तर तो एका दमात म्हणून दाखवते. पण आम्ही हा विषय पेरणीच्या तोंडावर मुद्दाम घेतला. आज आपल्यापैकी कितीतरी घरांत एक जिवंत वस्तू कट्ट्यात भरून, तोंड शिवून, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली आहे. तिच्यावर वर्षाचा हिशेब अवलंबून आहे. आणि आपण तिला निर्जीव समजून वागवतो.

ती वस्तू म्हणजे बी.

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर आम्ही हाच प्रश्न टाकला होता, की जिवंत म्हणजे काय? कोणी म्हणालं, जे हलते ते. कोणी म्हणालं, जे खाते ते. एक म्हातारी आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “जे मरते थे जित्तं. दगड कुठी मरते व माय?” सगळ्या हसल्या, पण आजीचं उत्तर बरोबर होतं. जे मरू शकते तेच जिवंत असते. म्हणून जिवंत वस्तूला जपावं लागते. लोखंडाची पास दहा वर्षं कोपऱ्यात पडली तर गंजेल, पण मरणार नाही. सोयाबीनचं बी मात्र वरून जसंच्या तसं पिवळं, टपोरं दिसते आणि आत मेलेलं असू शकते.

हे किती महागात पडते ते आपल्या भागानं पाहिलेलं आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढायच्या वेळी परतीचा पाऊस लागला. गंजी भिजल्या, शेंगा झाडावर भिजल्या. तेच पीक पुढच्या वर्षाचं बियाणं होतं. २०२० च्या जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि राज्यभरातून ओरड सुरू झाली, की सोयाबीन उगवलं नाही. तक्रारी इतक्या झाल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपण होऊन त्याची दखल घेतली. पैसे गेले, मजुरी गेली, ओल गेली. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्या घरात गटाचं कर्ज उचललेलं असते त्या घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

गंमत पाहा. त्याच जून महिन्यात आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. लोक दुरून पाहायला आले. त्या खारट पाण्याला माणूस तोंड लावत नाही. तिथं कोण जगणार, असं वाटते. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा कळलं, की पाणी आटून खारेपणा वाढल्यावर मिठात जगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले. त्यांच्याच अंगच्या रंगानं पाणी गुलाबी झालं. म्हणजे जिथं काही जगणार नाही असं वाटलं तिथं जीव होता, आणि ज्या पोत्यात जीव आहे असं धरून चाललो तिथं तो नव्हता. डोळ्यांनी पाहून जिवंतपणा कळत नाही. त्याची लक्षणं तपासावी लागतात. तर ती लक्षणं आता एकेक पाहू.

पहिलं लक्षण, पेशी. प्रत्येक जीव पेशींचा बनलेला असतो. आपण विटांचं घर म्हणतो, तसं शरीर पेशींचं. दह्यातल्या जंतूची सगळी काया एकाच पेशीची, आपली अब्जावधी पेशींची. बियाच्या आतही पेशी असतात. कोंबाच्या वेगळ्या, मुळाच्या वेगळ्या, अन्न साठवणाऱ्या वेगळ्या. तुरीचा दाणा ओल्या फडक्यात ठेवा, मोड येते. तुरीची डाळ ठेवा, नुसती फुगते आणि आंबते. वस्तू एकच, पण भरडताना अंकुर तुटला, साल गेली. अन्न शिल्लक राहिलं, जीव गेला.

दुसरं, अन्न. जिवंत वस्तूला खायला लागते. झाड उन्हाच्या मदतीनं हवा-पाण्यातून आपलं अन्न आपणच तयार करते. गाय झाडाचं खाते, आपण दोघांचं खातो. बी काय खाते? झाडानं आईसारखी शिदोरी बांधून दिलेली असते. सोयाबीनच्या दाण्याच्या दोन डाळी म्हणजे ती शिदोरी. पहिली पानं उघडेपर्यंत ते बी त्यावरच जगते. म्हणून तर मोड यायला माती लागत नाही, नुसतं पाणी आणि हवा पुरते.

तिसरं लक्षण, श्वास, आणि यावर आज आपण जास्त बोलणार आहोत. बी श्वास घेते. नाक नाही, छाती हलत नाही, पण हवेतला प्राणवायू आत घेते, शिदोरीतलं थोडं थोडं अन्न जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब बाहेर टाकते. विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. वरची निवळी अलगद एका छोट्या वाटीत घ्या. मोठ्या झाकणाच्या बरणीत मूठभर मोड आलेली मटकी ठेवा, तिच्यात ती वाटी ठेवा, झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बरणीत भाजून थंड केलेली मटकी ठेवा आणि तशीच वाटी. दुसऱ्या दिवशी जित्त्या मटकीजवळची निवळी दुधासारखी होते, वर पांढरी साय धरते. भाजलेल्या मटकीजवळची जवळजवळ तशीच राहते. आमच्या गटातल्या पोरींनी हे करून दाखवलं तेव्हा मघाची आजी वाटीत वाकून वाकून पाहत होती.

आता कट्ट्याकडे या. बी कोरडं असेल तर त्याचा श्वास अगदी मंद असतो, गाढ झोपलेल्या लेकरासारखा. ओल लागली की श्वास वाढला. श्वास वाढला की शिदोरी जळते, ऊब होते, वर आणखी पाणी सुटते. त्या ऊब आणि ओलीत बुरशी येते. तुम्ही भरल्या पोत्यात मधोमध हात घातला आणि हाताला गरम लागलं, असं कधी झालं असेल. ते पोतं आतून खर्च होत होतं. पेरणीच्या दिवशी त्या बियाजवळ कोंब वर ढकलायला ताकद उरत नाही. बियाण्याच्या शास्त्रात एक अडाखा सांगतात, की बियातली ओल एक टक्क्यानं कमी केली तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होते. आपल्या आज्या तीन-तीन दिवस उन्हात वाळवून, राखेत घोळून, मडक्याच्या उतरंडीत बी का ठेवत होत्या, ते आता कळते. सोयाबीनला मात्र एक पथ्य आहे, त्याला कडक उन्हात तापवत ठेवू नका. त्याची साल पातळ, अंकुर सालीच्या अगदी खाली. कोवळ्या उन्हात किंवा सावलीत, ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवायचं.

चौथं, वाढ. उकिरडाही वाढतो, पण त्याच्यावर आपण शेण टाकतो म्हणून. जिवंत वस्तू आतून वाढते. खाल्लेलं आपल्या अंगाचं करते.

पाचवं, नको ते बाहेर टाकणं. आपण घाम-लघवी टाकतो, झाड जुनी पानं टाकते, डिंक टाकते. बियाचं आत्ताच सांगितलं. म्हणून बियाच्या कट्ट्याला हवा लागते. थेट जमिनीवर नाही, लाकडी पाटावर ठेवायचा, भिंतीला चिकटवायचा नाही. एकावर एक ढीग रचून खालच्याचा चुराडा करायचा नाही. प्लास्टिकच्या पोत्यात ओलं बी कोंबणं म्हणजे माणसाला गोधडीत गुंडाळून तोंड शिवण्यासारखं.

सहावं, भोवतालचं ओळखणं आणि त्याप्रमाणे हलणं. नवरात्रात आपण घट बसवतो. घरातल्या अंधारात धान उगवते ते पिवळंधम्मक आणि लांबट. दिवा किंवा दार ज्या बाजूला, त्या बाजूला वाकते. त्याला डोळे नाहीत, तरी उजेड कळते. लाजाळूच्या झाडाला बोट लावलं तर पानं मिटते. आचार्य जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वी क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं. झाडाची वाढ आणि हालचाल ते दहा हजार पटीनं मोठी करून दाखवत होतं. आणि यंत्र कशाला पाहिजे? निंदायला जाणाऱ्या बाईला विचारा. तणाचं बी वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसते. पाऊस पडला, वखरानं माती वर आली, उजेड लागला, की तेवढं बरोबर ओळखून वर येते. आपण पेरलेलं एक वेळ फसेल, तण कधी फसत नाही.

सातवं, आपल्यासारखं दुसरं निर्माण करणं. गव्हातून गहू, शेळीला करडू. इथं दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक बियाची. सोयाबीनच्या फुलात फळधारणा बहुतेक त्याच फुलाच्या परागानं होते, म्हणून लेकरू आईसारखंच निघते. त्यामुळे सोयाबीनच्या सरळ वाणाचं बी घरचं ठेवता येते, दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी बदललं तरी चालते. कपाशीचं संकरित बी मात्र ठेवू नये. त्याचं लेकरू आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो, एकाच वावरात पऱ्हाटी उंच-बुटकी, मागं-पुढं होते.

दुसरी गोष्ट बियाची नाही, बायांची आहे. लेकरू होणं हे जिवंतपणाचं लक्षण म्हटलं, की कोणीतरी मान खाली घालते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून नीट ऐका. हे लक्षण त्या जातीचं असते, एकेका जिवाचं नाही. मोहोळातल्या हजारो कामकरी माशांना पिल्लं होत नाहीत. मोहोळ उभं करतात, मध आणतात, राणीची पिल्लं वाढवतात त्या त्याच. खेचराला पिल्लू होत नाही, म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हटलं नाही. अन्न, श्वास आणि पाणी थांबलं तर जीव थांबतो. लेकरू झालं नाही तर एकाही पेशीचं काम थांबत नाही. विज्ञानाचं पुस्तक ज्या बाईला पूर्ण जिवंत म्हणते, तिला हळदी-कुंकवाला मागं बसवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? एवढं बोलून पुढं जातो.

आठवं आणि शेवटचं लक्षण आजीनं आधीच सांगितलं, ठरलेलं आयुष्य आणि मरण. ते सगळ्यांचं सारखं नसते. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी सापडलं होतं. ते २००५ साली लावलं आणि उगवलं. कोरड्या वाळवंटानं ते जपलं होतं. आपलं सोयाबीन मात्र नाजूक जातीचं. नीट ठेवलं तर पुढच्या पेरणीपर्यंत चांगलं राहते, त्यानंतर त्याची ताकद लवकर उतरते.

आता कोणी म्हणेल, मोटारसायकलही पेट्रोल खाते, धूर टाकते, हलते. चुलीतला जाळ वाढते, पसरते, हवा नसली तर विझते. मग ते जिवंत का नाही? कारण एकदोन लक्षणं जुळून भागत नाही. मोटारसायकलमध्ये पेशी नाही, ती खाऊन वाढत नाही, तिला पिल्लू होत नाही, तिची जखम आपोआप भरत नाही. उलट विरजणाचं पाहा. चमचाभर दह्यात काहीच हलताना दिसत नाही. पण कोमट दुधात टाकलं, की त्यातले जंतू दुधातली साखर खातात, आंबटपणा बाहेर टाकतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात. उकळत्या दुधात विरजण टाकलं तर दही लागत नाही, कारण जंतू मेले. थंडीत उशिरा लागते, कारण ते सुस्तावले. प्रत्येक घरातली बाई रोज रात्री जिवंतपणाचा प्रयोग करते, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाही.

हेच ध्यान तुम्ही बीजप्रक्रियेच्या पाकिटाला लावा. रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा हे सगळे जिवंत जीव आहेत. म्हणून पाकिटावर शेवटची तारीख असते. दुकानातून आणताना गाडीच्या डिक्कीत उन्हात तापवायचं नाही, घरी सावलीत ठेवायचं. रायझोबियम आणि पीएसबी दहा किलो बियाला २५० ग्रॅम या हिशेबानं लावायचं. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, आणि जिवाणूचं पाकीट सगळ्यात शेवटी. दोन्ही एकाच घमेल्यात कालवलं तर औषध त्या जिवांनाच मारते. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. पाकीट फुकट आलेलं असो की विकतचं, मेलेला जंतू काही काम करत नाही.

आता शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. आपल्या घरातलं बी जिवंत आहे की नाही, हे पेरायच्या आधी कसं ओळखायचं? बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, १९७६ पासून आपल्या अकोल्यातच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही तिथंच. त्यांच्याकडे यंत्रं आहेत. आपल्याकडे गोणपाट आहे, आणि तेवढ्यात भागते.

कट्ट्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं बी काढा. चांगलं-वाईट निवडू नका, हाताला येईल ते घ्या. शंभर दाणे मोजा. ओलं करून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. दाणे एकमेकाला चिकटू देऊ नका. वरून दुसरं ओलं गोणपाट झाका, सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण टपकेल इतकं नाही, नाहीतर श्वास कोंडून बी कुजते. असे तीन-चार शेकडे केले तर हिशेब पक्का होतो. चार दिवसांनी पाहा, सात-आठ दिवसांनी शेवटचं मोजा. ज्याचं मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट, तोच दाणा धरायचा. वाकडा, तुटका, बुरशी आलेला धरायचा नाही.

शंभरातून सत्तर किंवा जास्त उगवले तर सोयाबीनचं एकरी ३० किलो बी पुरते. सत्तरच्या खाली जितके कमी, तितक्या वेळा अर्धा किलो वाढवायचं. समजा ६४ उगवले. सहा कमी, म्हणजे तीन किलो जास्त, एकरी ३३ किलो. साठच्या खाली गेलं तर ते बी पेरू नका, तेलाला नाहीतर बाजारात जाऊ द्या. औषध लावलेलं असेल तर मात्र विकू नका, खायला देऊ नका. विकतचं बी असलं तरी शंभर दाणे मोजाच. बिल, पिशवी, लेबल आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करताना तेच कामी येते. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल गेल्याशिवाय तिफण काढायची घाई करू नका. अर्ध्या ओलीत बी जागं होते, श्वास वाढवते, शिदोरी खर्च करते आणि पाणी नाही म्हणून मरते.

एक गोष्ट आम्ही पाहिली. ज्या घरात गोणपाटावरची मोजणी बाईनं केली, त्या घरात पेरणीच्या बोलण्यात तिला जागा मिळाली. तुले काय समजते, असं म्हणणाऱ्याच्या पुढ्यात ६४ चा आकडा ठेवला, की बोलणं बदलते. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. देशी वाणांचं बी जपलं म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते अकोले आणि आपलं अकोला वेगळं, पण बी मडक्यात जपणारा बाईचा हात सगळीकडे एकच.

गटातल्या बायांनो, पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशासोबत आपापल्या घरचे शंभर दाणे आणा. कोणाच्या घरी किती उगवले ते वहीत लिहू. ज्या बाईचं बी कमी निघालं तिला ज्या बाईकडे जास्त आहे ती देईल, आणि सुगी झाल्यावर परत घेईल. मृग लागायला अजून दिवस आहेत, आठ दिवसांची मोजणी सहज होते. आजच संध्याकाळी गोणपाट भिजवा.

नमस्कार.